मुंढ्याचं माप नसलेलं चित्र

पॅरिस,
रविवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "तिथले शिंपी कसे गं?" तेव्हा घाईत होते, म्हणून आता सावकाश लिहिते.

काल ख्रिश्चन डिओर या फ्रेंच ड्रेस डिझायनरची गॅलरी पाहून आले. अव्हेन्यू माँतेनवरची ३० नंबरची इमारत. इथेच १२ फेब्रुवारी १९४७ रोजी त्याने आपलं कपड्यांचं पहिलं कलेक्शन दाखवलं.

एका चित्रापाशी मी अडकलेच. नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. बाईला चेहरा नाही, हात दोन फटकाऱ्यांत उरकलेले. कंबर एवढीशी, की तू म्हणाली असतीस, "ही जेवते तरी का?" खाली मात्र घागऱ्यासारखा घेर. कोपऱ्यात टाचणीने लावलेला कापडाचा तुकडा. आणि माप कुठेच नाही! ना छाती, ना मुंढा, ना उंची.

तुझी गिऱ्हाइकं आठवली. वहीत वेडावाकडा गळा काढतात, "काकू, अस्साच हवा" म्हणून निघून जातात, आणि पाठ किती खोल ठेवायची ते तूच ठरवतेस. इथेही तेच. डिओर चित्रं काढायचा. पुढचं काम वर्कशॉपचं. तिथल्या मुख्य बाईला 'प्रमिएर' म्हणतात. चित्रातली रेघ कापडात कशी आणायची, टक्स कुठे घ्यायचे, हे ती बघायची. भारी कापडाला कात्री लावण्याआधी सगळं साध्या पांढऱ्या सुती कापडात शिवून पाहायचे. त्याला 'त्वाल' म्हणतात. अगं, आपला मांजरपाटच की! तिथे या पांढऱ्या त्वालांचीच एक खोली आहे. मी सगळ्यात जास्त वेळ तिथे काढला. झगमगते गाऊन मग भराभर उरकले.

त्या पहिल्या कलेक्शनमधला 'बार' सूट फार गाजला. फिकट रेशमी जॅकेट, खाली काळा, प्लेटांचा लोकरी स्कर्ट. गंमत म्हणजे जॅकेटचा कमरेखालचा भाग आतून भरलेला असतो, म्हणून वरची कंबर आणखी बारीक दिसते. म्हणजे चित्रातली ती कंबर निम्मी शिंप्याची करामत!

तेव्हा महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती, कापडाची टंचाई होती. एकेका स्कर्टला इतकं कापड पाहून लोक भडकले. इथल्याच मोंमार्त्र भागात फोटो काढताना बायकांनी मॉडेलच्या अंगावरचा ड्रेसच ओढून फाडला. मला त्या बायकांचा राग नाही आला. आजी 'कंट्रोलच्या कापडा'बद्दल कशा आवाजात बोलायची, आठवतं ना?

हो, तू पाठवलेला निळा ब्लाऊज मुंढ्यात किंचित सैल होतोय. कच्चा दोरा घालून बघितला, पण उसवायची हिंमत होत नाही. आल्यावर तूच बघ. आणि ती गळ्यांची वही रद्दीत घालू नकोस. टाचून ठेवलेल्या चिंध्याही राहू देत, टाचण्या गंजल्या असल्या तरी.

काकांना नमस्कार.

तुझी,
मनू