पेशींना वाट कोण दाखवते?

रविवारच्या पुरवणीतील गर्भाच्या वाढीवरील लेख आवडला. मात्र ‘प्रत्येक पेशीची जागा तिच्या जनुकांत लिहिलेली असते’ हे त्यातील विधान पटले नाही. शरीरातील जवळपास सगळ्या पेशींत जनुके तीच असतात. कोणती पेशी कुठे जाईल, यात शेजारच्या पेशींच्या रासायनिक संकेतांचा वाटा मोठा असतो.

फ्रेंच गर्भशास्त्रज्ञ निकोल ल दुआराँ यांनी लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात बसवल्या. दोन्हींची केंद्रके सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी दिसतात, म्हणून पाहुण्या पेशींचा माग काढता आला. पाठीच्या भागातल्या ‘न्यूरल क्रेस्ट’ पेशी (गर्भाच्या पाठीकडे तयार होऊन शरीरात दूरवर जाणाऱ्या पेशी) मानेजवळ लावल्या, तर त्या तिथल्या वाटेने आतड्यात पोहोचल्या आणि आतड्याच्या चेतापेशी झाल्या. मुंबईत जीवशास्त्र शिकवताना तेहतीस तासांच्या कोंबडीच्या गर्भाची स्लाइड मी वर्षानुवर्षे दाखवली. ही वाटचाल तेव्हा नुकतीच सुरू होत असते.

माणसाच्या गर्भात या पेशी सातव्या आठवड्याच्या सुमारास आतड्याच्या टोकाशी पोहोचतात. त्या वाटेतच थांबल्या तर शेवटचा भाग चेतापेशींविना राहतो आणि बाळाला शौच होत नाही. सुमारे ५००० जन्मांत एका बाळाला हा हर्शस्प्रुंग आजार असतो. अशा वेळी ‘गरोदरपणात काय खाल्लेस?’ असे आईलाच विचारले जाते, हे मी जवळून पाहिले आहे. त्या बाईचा यात काहीही दोष नसतो. पुरवणीने या आजारावर सविस्तर लेख द्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, दादर, मुंबई