धुये (धुळे) सोडायच्या आधीचा फेरफटका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी बालमैत्रीण मागच्या आठवड्यात पुण्याला गेली ती कायमचीच. पोराला तिकडे नोकरी, नात झाली, मग आई इकडे एकटी कशाला, असं ठरलं आणि दोन महिन्यांत घर रिकामं. जायच्या आधी ती म्हणे सगळ्यांकडे जेवायला जाऊन जाऊन पोट बिघडलं माझं, एक दिवस नुसतं गावात पायी फिरू. तर सकाळी सहाला निघालो दोघी, थंडी होती, तिने स्वेटरवर स्टोल बांधलेला आणि पायात लेकाने आणलेले नवे बूट जे चावत होते.

आमची गल्ली नंबर 4. बाहेरच्या लोकांना हसू येतं, गल्लीला नाव नाही का म्हणतात, पण या सरळ गल्ल्या उगाच नाहीत. 1818 ला खानदेश इंग्रजांकडे गेला, पुढच्या वर्षी कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं, बाहेरगावचे व्यापारी बोलावून वसवले. हे मला वडिलांनी सांगितलेलं. मैत्रिणीला पन्नास वर्षांत कोणीच सांगितलं नव्हतं, ती म्हणे मला वाटायचं पोस्टमनच्या सोयीसाठी नंबर टाकले असतील!

पाचकंदीलवर चहा घेतला, आग्रा रोडने रमतगमत चाललो. राजवाडे मंडळाचा, म्हणजे इथल्या इतिहास संशोधनाच्या संस्थेचा, विषय निघाला तर ती म्हणे मी आत कधी पाऊलच टाकलं नाही, शाळेतून येताजाता बाहेरूनच बघितलं. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या 31 डिसेंबरला इथे धुळ्यातच गेले, कागदपत्रं गोळा करत गावोगाव हिंडलेला माणूस. वाग्देवता मंदिरात समर्थांच्या हातचं रामायण आहे हे पण तिला मीच सांगितलं, आणि खरं सांगू, मी तरी कुठे बघितलंय नीट. जेल रोड म्हणजे आमच्यासाठी उपोषणाचे मंडप आणि रिक्षावाल्यांशी भांडण, पण 1932 साली त्याच जेलात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी बसून लिहून घेत. तेवढं बोलणं होतंय तोवर तिला शेजारणीचा फोन, नळ आला, टाकी भरू का. घर विकलंय तरी पाण्याची काळजी सुटत नाही बघा.

पुलावर मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. पांझरेत पाणी म्हणावं तर होतं, म्हणावं तर नव्हतं. लहानपणी एकवीरा मातेच्या यात्रेत याच काठावर माझी चप्पल हरवली होती आणि हिने तिची एक मला दिली, मग दोघी एकेक चप्पल घालून घरी, दोघींनाही मार. ते आठवून ती हसता हसता गप्प झाली आणि आमच्या खानदेशी बोलीत म्हणे, "पुनाले जाईसन मी कोनासंगे आहिरानी बोलू वं?" मला काही सुचलं नाही. मी म्हटलं फोन कर. काय बोलणार दुसरं.

पत्र लिहायचं कारण असं की आमच्या गल्लीतली पाच-सहा घरं अशीच रिकामी झालीत, पोरं पुणे, सुरत, कुठे कुठे, मागून म्हातारी माणसं. तुम्ही पेपरात रविवारी वाढदिवस आणि नेत्यांचे फोटो छापता त्यातला हातभर कोपरा एकेका गल्लीला द्या ना. तिथल्या जुन्या माणसाला विचारून छापा, कोणाचा वाडा, कशाचं दुकान, यात्रेची पालखी कुठून जायची. भुसावळ, नंदुरबार, चाळीसगाववाल्यांचं पण घ्या, आमचंच नको. गल्ली नंबर 4 साठी मी स्वतः बसून लिहून देते, फक्त अक्षर वाईट आहे, टायपिंग तुमच्याकडे.

मैत्रिणीला भाकरीसाठी कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ दिलंय पाच किलो. काल फोन आला, नातीने भाकरी चाखली आणि अजून मागितली म्हणे. पेपर तिला व्हॉट्सॲपवर पाठवेन.

आपली एक वाचक,
धुळे