‘रन’ म्हणजे दरवेळी धावणे नव्हे

संपादक महोदय,

‘अमुक नेता निवडणुकीसाठी धावत आहे’ अशी वाक्ये अमेरिकेच्या बातम्यांत हल्ली सर्रास दिसतात. अमेरिकी इंग्रजीत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश इंग्रजीत ‘स्टँड’. मराठीत तो उभाच राहतो. ‘रन’ या एका क्रियापदाचे 645 अर्थ ऑक्सफर्डच्या कोशकाराने मोजले आहेत, त्यामुळे पहिला अर्थ उचलला की घात होतो.

भाषांतर करताना आधी कर्ता पाहावा. माणूस वा घोडा असेल तर धावणे, नळ किंवा नाक असेल तर वाहणे, धुण्यातला रंग असेल तर जाणे. मग कर्म आहे का ते पाहावे. ‘ही रन्स अ शॉप’ म्हणजे दुकान चालवतो, पण ‘रनिंग अ फीव्हर’ म्हणजे नुसता ताप आहे. ताप कोणी चालवत नाही! शेवटी मागचे शेपूट: ‘आउट ऑफ’ लागले तर संपणे, ‘इनटू’ लागले तर गाठ पडणे किंवा आदळणे. घाईत हे शेपूटच सुटते.

गंमत म्हणजे इंग्रजी जिथे पळते तिथे मराठी बहुधा चालते: दुकान चालते, नाटक चालते, खटला चालतो. रेल्वे मात्र दोन्हीकडे धावते. आणि मदतीला ‘धावून येणे’ आपले स्वतःचे. तिथे ‘रन’ घालून उलटे भाषांतर केले तर इंग्रजी वाचकाला फक्त पळणारा माणूस दिसेल.

— दोन भाषांतरकार, पुणे