तीन मिनिटं थांबवणाऱ्या कोच सरांना

सर,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला समोर थँक यू म्हटलं की ‘चला, पुढचा सेट’ म्हणून तुम्ही मोकळे होता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

वजन वाढवून दिलंत, त्याचे आभार नाही मानत. ते कोणीही वाढवून देतं. तुम्ही वजनाच्या बारवर हात ठेवून ‘अजून नाही’ म्हणायचात, त्याचे मानते. जड स्क्वॉटनंतर, म्हणजे खांद्यांवर बार घेऊन खाली बसून उठल्यावर, माझा श्वास लवकर जागेवर यायचा, मी पुन्हा बारखाली शिरायला निघायचे आणि तुम्ही स्टॉपवॉच पुढे करायचात. किमान तीन मिनिटं. नुसता हुकूम नव्हता, कारणही सांगितलंत: पहिल्या दहाएक सेकंदांचा जोर मुख्यतः स्नायूंतल्या फॉस्फोक्रिएटिनवर, म्हणजे झटपट ऊर्जेच्या साठ्यावर, निघतो आणि तो साठा जवळपास पुरता भरायला ३ ते ५ मिनिटं लागतात. दम परतला म्हणजे ताकद परतली असं नसतं. त्यानंतर मी घड्याळाशी भांडले नाही.

इंटरव्हलच्या, म्हणजे आलटून-पालटून जोर आणि थांबा घेण्याच्या, दिवशी मात्र सगळं उलटं. २० सेकंद जीव खाऊन सायकल, १० सेकंद थांबा, पुन्हा २०. या पद्धतीला जग ‘ताबाता’ म्हणतं, पण मुळात ती जपानच्या स्पीड स्केटिंग संघाचे कोच इरिसावा कोइची यांची. संशोधक इझुमी ताबाता यांनी ती प्रयोगशाळेत तपासली. (कोचचं नाव मागे पडतं ते असं!) १९९६ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात सहा आठवड्यांत ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तर वाढलीच, ऑक्सिजनविना जोर काढण्याची क्षमताही २८ टक्क्यांनी वाढली. पण तिथला भार असा होता, की सात-आठ फेऱ्यांत माणूस पुरता गळून जावा. चार मिनिटं जागच्या जागी उड्या मारून ‘ताबाता केलं’ म्हणणाऱ्यांवर तुम्ही का हसता, ते पहिल्याच दिवशी चौथ्या फेरीला कळलं.

आणि मांड्या! दुसऱ्या दिवशी अशा आंबायच्या की जिना उतरताना कठडा सोडवत नसे. चढताना तितकं नाही, उतरतानाच. लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं असेल, असं सगळ्यांसारखं मीही म्हटलं. तुम्ही हसून सांगितलंत की लॅक्टेट तास-दोन तासांत ओसरतं, उलट हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. हे दुखणं भाराखाली ताणल्या गेलेल्या तंतूंच्या बारीक इजेचं. एक ते तीन दिवसांत कळस गाठतं आणि ओसरतं. तोच व्यायाम पुन्हा केला की कमी दुखतं, कारण स्नायू तेवढ्यात सावरून तयार झालेले असतात. पण त्याच दमात बजावलंत, की दुखणं सोसवेना, अंग सुजलं किंवा लघवी काळपट चहासारखी झाली, तर व्यायाम सोडून थेट डॉक्टर गाठायचा. स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडांवर येतं. उत्साहाच्या भरात ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

सुरुवातीला दंडाचा घेर तसूभर हलला नाही, तरी बारवर प्लेटा चढत होत्या. मेंदू आधी स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतो, मांस मागाहून येतं, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी टेप घेऊन कुढत बसले असते. आता सकाळी उठल्या उठल्या गळ्याजवळ बोटं ठेवून नाडी मोजते. पूर्वीपेक्षा संथ लागते. एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं म्हणून, हे तुमचंच उत्तर.

जड उचल आणि इंटरव्हल तुम्ही कायम वेगवेगळ्या दिवशी ठेवलंत. १९८० साली संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी एका गटाकडून दहा आठवडे ताकदीचा आणि दमाचा असे दोन्ही व्यायाम भरपूर करून घेतले, तेव्हा त्या गटाची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग अडली आणि शेवटी थोडी घसरली, हे तुमच्याकडूनच ऐकलेलं. आता मला पुढच्या महिन्यापासून दोन्ही एकाच दिवशी बसवावं लागणार आहे. आधी बार, मग सायकल, एवढं पाठ आहे. मध्ये किती तास सोडू, ते तेवढं कळवा.

तुमची,
सतत ‘का?’ विचारणारी