विनोद जास्त नाही, भलत्या जागी

महोदय,

‘सुपरहिरोच्या सिनेमात आता नुसता पाचकळपणा उरलाय’ ही तक्रार चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरताना हमखास कानावर पडते. ती अर्धीच खरी आहे. विनोद जास्त झाला म्हणून हे चित्रपट बिघडत नाहीत, तो भलत्या जागी घातला की बिघडतात.

‘थॉर : रॅग्नारॉक’मध्ये (२०१७) दोन्ही नमुने सापडतात. थॉर मोठ्या ऐटीत खिडकीवर गोळा भिरकावतो आणि तो उलटून त्याच्याच थोबाडावर बसतो. ऐट हाच त्याचा स्वभाव आणि तीच जिरते, म्हणून हशा पिकतो. शेवटी मात्र त्याचं अख्खं अस्गार्ड डोळ्यांदेखत बेचिराख होत असतं आणि दगडी अंगाचा कॉर्ग दिलासा देतो, की पाया शाबूत आहे तोवर पुन्हा बांधता येईल. लगेच पायाही उडतो. कोटी झकास आहे, पण देश गेल्याचं दुःख पोचायच्या आतच ती ते पुसून टाकते. (कॉर्गचा आवाज दिग्दर्शक टायका वायटीटी यांचाच. स्वतःच्या वाक्याला कात्री लावणं कुणालाही जडच जाणार!)

‘मिस्टर इंडिया’ने (१९८७) हे भान ठेवलं होतं. मनगटावर यंत्र चढवलं की नायक अदृश्य, फक्त लाल प्रकाशात दिसणार. त्या एका अटीमुळे त्याच्या जिवाला घोर राहतो. हनुमानाची मूर्ती हवेत तरंगत येऊन गुंडांना बदडते, तेव्हा ती कुणाच्या हातात आहे हे आपल्याला ठाऊक असतं, गुंडांना नसतं. सगळी गंमत तिथेच. पण बॉम्बस्फोटात चिमुकली टीना जाते, त्या प्रसंगात कुणी कोटी करत नाही.

विनोदाला आधी पेरणी लागते. ‘अशी ही बनवाबनवी’तले (१९८८) सत्तर रुपये आजही हसवतात ते इस्तंबूलच्या औषधाची थाप आधी मारून ठेवलेली असते म्हणून. सुपरहिरोंच्या टोमण्यांना बहुधा अशी पूर्वतयारीच नसते. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालून पाहा. फरक पडला नाही, तर ते पात्रातून आलेलंच नाही.

संकलनाचाही भाग आहे. भरल्या चित्रपटगृहात हशा उसळला की पुढचं वाक्य बुडतं. म्हणून जाणता संकलक तिथे संवाद ठेवत नाही, समोरच्याचा चेहरा दाखवून थोडा वेळ काढतो. तीच जागा घरी एकट्याने पाहताना रेंगाळल्यासारखी वाटते. तेव्हा विनोदी चित्रपट फोनवर पाहून ‘रटाळ’ ठरवू नये, हे जाता जाता.

डबिंगमध्ये आणखी गोची होते. चेहरा जवळून दिसत असेल तर प, ब, म यांना ओठ मिटलेले दिसावे लागतात, वाक्याची लांबीही तेवढीच हवी. या ओढाताणीत कोटीचा जीव जातो. मुखवटा असला की लेखक मोकळा. रणवीर सिंगच्या आवाजातल्या हिंदी ‘डेडपूल २’ला (२०१८) ही सोय होती. उघड्या चेहऱ्याच्या नायकांना ती नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या चित्रपट परीक्षणांत समीक्षकाने मूळ इंग्रजी आवृत्ती पाहिली की हिंदी, एवढं एका ओळीत छापावं. तालुक्याच्या गावी बहुतेकदा हिंदीच लागते आणि तिकीट काढणाऱ्याला तिच्याबद्दलच वाचायचं असतं.

– एक सिनेप्रेमी वाचक, सातारा