अ‍ॅपवर भरलेली लक्षणं वाचतं कोण?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत आमवाताच्या, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या संधिवाताच्या, रुग्णांसाठीच्या अ‍ॅपवर आलेला लेख वाचला. हेतू चांगला आहे, पण दिवसातून दोन मिनिटं मोबाइलवर लक्षणं भरली की डॉक्टरांची नजर तुमच्यावर राहते, असं त्यात ठोकून दिलं आहे. जे रोज भरतात त्यांच्यापैकी एकाला तरी विचारून लिहायचं होतं.

मी आमवाताची जुनी रुग्ण. मनगटं सुजलेली असताना मुलुंडहून परळला जायचं म्हणजे काय असतं, ते मला माहीत आहे. गाडीत कडी धरवत नाही. दिव्यांगांच्या डब्यात चढावं तर 'ही तर धडधाकट दिसते' अशा नजरा. मग केसपेपरची रांग, रक्त द्यायची वेगळी रांग, आणि डॉक्टरांपुढे जेमतेम पाच मिनिटं. घरून दाखवायची सोय मला हवीच आहे. कोकणातून, सांगलीकडून रात्रीच्या एसटीने आलेल्या बायका त्याच रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या असतात, त्यांना तर ती माझ्याआधी मिळायला हवी. म्हणून तर इतका संताप आला.

गेल्या पावसाळ्यात माझं दुखणं उसळलं. सकाळी दुधाची पिशवी कापायला कात्री बोटांत धरवेना, शेवटी दातांनी फाडली, अर्धं दूध ओट्यावर. रुग्णालयाने दिलेल्या अ‍ॅपवर मी रोज इमानेइतबारे भरत होते: वेदना दहापैकी नऊ, सकाळचा आखडलेपणा दोन तासांच्या वर. रोज उत्तर यायचं, 'धन्यवाद, आपली माहिती नोंदवली आहे.' आठवडा उलटला तरी कोणाचा फोन नाही. मुलीने रुग्णालयात फोन लावला, तर 'अ‍ॅपचं आम्हाला काही माहीत नाही, दिलेल्या तारखेला या' एवढंच ऐकायला मिळालं. तारखेला गेले. डॉक्टरांनी एकेक बोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, 'अहो, इतकी सूज होती तर आधी का नाही आलात?' त्यांच्या संगणकावर मी भरलेला एकही आकडा दिसत नव्हता.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. बाहेर एवढी गर्दी असताना त्यांनी आकडे कधी बघायचे? पण बघायला कोणी नेमलंच नव्हतं, तर मला भरायला का सांगितलं? अ‍ॅप नसतं तर मी तिसऱ्या दिवशी रिक्षा करून गेले असते. कळवलंय, आता फोन येईल, या भरवशावर मी घरी बसून राहिले. या आजारात सूज तशीच राहिली की सांध्याची हाडं आतून पोखरली जातात, आणि गेलेलं भरून येत नाही. माझं उजवं मधलं बोट त्यानंतर पूर्ण सरळ झालेलं नाही.

बरं, विचारतात काय, तेही बघा. प्रश्न येतो रात्री आठला. आमवाताचा हात सकाळी सगळ्यात वाईट असतो, रात्रीपर्यंत बराच सैल पडतो. नवखा रुग्ण त्या वेळी 'ठीक आहे' असंच भरणार. सुजलेले सांधे दाखवायला शरीराचं चित्र दिलंय, त्यात पावलंच नाहीत. डॉक्टर ज्या २८ सांध्यांवरून आजाराचा जोर मोजतात त्यात पावलं आणि घोटे धरत नाहीत, तेच चित्र उचललेलं दिसतं. दवाखान्यात चप्पल काढून पाऊल पुढे करता येतं. माझं दुखणं दर वेळी चवड्यातून सुरू होतं, ते इथे कुठे दाखवू?

आणि एक फार गंभीर गोष्ट. अ‍ॅप रोज विचारतं, 'आजची औषधं घेतली का?' त्या यादीत मेथोट्रेक्सेटही असतं. आमवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी झपाट्याने घटतात, जिवावर बेततं. मला हे पाठ आहे, पण गेल्याच महिन्यात औषध सुरू झालेल्या एखाद्या आजींचं काय? ज्यांनी ज्यांनी असं अ‍ॅप दिलं आहे, त्यांनी हे आजच्या आज तपासावं.

लांबून उपचार होत नाहीत असं माझं म्हणणं नाही. २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन करोनावर चालतं अशी हवा झाली आणि आमची रोजची गोळी दुकानांतून गायब झाली. तेव्हाच्या माझ्या डॉक्टर स्वतः फोन करायच्या, बोटांचे फोटो मागवायच्या, गोळ्या पुरवून कशा घ्यायच्या ते सांगायच्या. फोनवरून, व्हिडिओवरून सल्ला देण्याचे देशाचे नियम २५ मार्च २०२० ला आले. प्रत्यक्ष भेटू या, असं डॉक्टर किंवा रुग्ण कोणीही कधीही म्हणू शकतो, हेही त्यात आहे. तुमच्या लेखात त्याचा उल्लेख नाही.

आपल्या प्रतिनिधींनी पुढच्या लेखाआधी रुग्णालयांना एवढं विचारावं: आकडे रोज कोण बघतं, किती वाढले की किती तासांत फोन येतो, आणि नाही आला तर रुग्णाने कोणत्या नंबरवर बोलायचं. उत्तरं नावानिशी छापा.

जाता जाता, लेखासोबत गुडघा धरून बसलेल्या आजोबांचा फोटो कशाला? ते झिजेचं दुखणं, वेगळं. आमवात पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो आणि पुष्कळदा ऐन तिशी-चाळिशीत गाठतो. मला झाला तेव्हा मुलगी बालवाडीत होती, आणि या वयात कसला संधिवात म्हणून घरच्यांनी वर्षभर तेलच चोळलं.

आपली नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई