जुनाच लॅपटॉप देतोय, पण परवडत नाही म्हणून नाही

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लॅपटॉपच्या बॅगेत ठेवतोय, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलवर सामान लावताना हाताला लागेल. गेले पंधरा दिवस घरात नव्या लॅपटॉपवरून बोलणं चाललंय, पण एकदाही ते शेवटापर्यंत गेलं नाही. आई म्हणते नवा घ्या. आत्या म्हणते निम्मे पैसे मी घालते. आणि तू "राहू दे पप्पा, चालतोय की हाच" म्हणून उठून जातेस. शेवटी मी जुनाच ठेवायचं ठरवलं. का ठरवलं ते तुला नीट कळायला हवं, नाहीतर तू मनात धरून बसशील की पप्पांना परवडलं नाही.

म्हणून आधी पैशाचं सांगतो. पैसे आहेत. २०२१ साली तुझ्यासाठी पोस्टात आरडी काढली होती, महिना १,००० रुपयांची. पाच वर्षांची मुदत यंदा भरली. सत्तर हजारांना थोडे कमी हातात आले. तुझ्या फीचा आणि मेसचा हिशोब वेगळा आहे, त्याला यातला एक रुपया लागलेला नाही. हे पैसे लॅपटॉपसाठीच होते आणि अजूनही लॅपटॉपसाठीच आहेत.

आता झालं काय ते ऐक. मागच्या बुधवारी तू झोपल्यावर मी लॅपटॉप खाली दुकानात आणला. कामाचं टेबल मोकळं केलं, घड्याळ लावलं आणि बटण दाबलं. गूगल उघडायला ४ मिनिटं १० सेकंद लागली. सगळीकडे शांत होतं म्हणून कान लावून बसलो, तर आतून बारीक घरघर ऐकू आली आणि मधूनच टक् टक्. तीस वर्षं दुकानात पाण्याच्या विजेच्या मोटारी दुरुस्त करताना त्यांचे बेअरिंग ऐकतोय, तो आवाज मला लगेच कळला. हार्ड डिस्कमध्ये छोटी मोटार असते, मिनिटाला ५४०० फेरे मारते, हे मला दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या पोराने सांगितलं. पण काहीतरी फिरतंय आणि ते झिजलंय हे त्या रात्रीच समजलं होतं.

मग टचपॅड दाबून बघितला. दबेना. स्टीलची पट्टी आडवी ठेवली, तर दोन्ही टोकांखालून उजेड दिसला. मधला भाग वर आला होता. मी तसाच बंद केला आणि चार्जर काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानात त्या पोराने मागचं झाकण काढलं आणि माझ्या पोटात गोळा आला. बॅटरी टम्म फुगली होती, तव्यावरच्या पोळीसारखी. तीच टचपॅडला खालून वर ढकलत होती. आत वायू धरतो म्हणे, जुनी झाल्यावर, जास्त तापल्यावर, कायम पूर्ण भरलेली राहिल्यावर. टोचली किंवा दाबली गेली तर पेट घेऊ शकते. त्याने लोखंडी हत्यार जवळपास आणलं नाही, प्लास्टिकच्या पट्टीने हळूच सोडवून काढली. पंख्याच्या जाळीत धुळीचा नमदा बसला होता, आणि त्या धुळीत आपल्या दुकानातले तांब्याच्या तारेचे बारीक कण चमकत होते.

यात चूक माझी आहे. २०१८ मध्ये हा लॅपटॉप घेतला तो जीएसटीच्या बिलांसाठी. जीएसटी आदल्या वर्षी, १ जुलै २०१७ ला लागू झाला होता आणि वहीवर भागेना. तेव्हापासून तो काउंटरवर होता, रात्रंदिवस चार्जरला लावलेला, शेजारी वार्निश आणि गरम मोटारी. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तू सातवीत होतीस, तेव्हा तो वर तुझ्या टेबलावर आला. बॅटरीचं आयुष्य मी आधीच संपवून तुझ्याकडे दिलं होतं.

पण ताई, तुला हे माहीत होतं. गेल्या दिवाळीपासून तुझ्या टेबलावर माऊस आला. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, माऊसने बरं पडतं. मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या सराव परीक्षा तू फोनवर दिल्यास, एवढ्याशा स्क्रीनवर मान वाकवून, आणि मला वाटायचं पोरीला फोनच आवडतो. चार-चार मिनिटं वाट बघायला नको म्हणून तू तसं करत होतीस. घरखर्च वाढवायचा नाही म्हणून गप्प राहिलीस हे मला कळतंय. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पण फुगलेली बॅटरी तू रोज मांडीवर घेऊन बसत होतीस, गादीवर ठेवून झोपत होतीस, हे मनात आलं की अजून झोप लागत नाही. काटकसर कर, मला आवडते. पण बिघाड लपवू नकोस. उद्या दाढ दुखली, मेसचं जेवण पचेना झालं, कुठला विषय डोक्यात शिरेना, तरी पहिल्या दिवशी फोन कर.

आता जुनाच का, ते.

शेतकरी जळालेली मोटार घेऊन येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "भरायची का नवी घ्यायची?" भरायची म्हणजे आतली तार काढून नवी गुंडाळायची, तू लहानपणापासून हे ऐकलंयस. मी मोटार खोलतो आणि आधी कोअर बघतो, म्हणजे पत्र्यांचा गाभा, ज्यावर तार बसते. कोअरच्या पत्र्या जळून एकमेकींना चिकटल्या असतील तर मी भरून देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. तशी मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि ऐन उसाच्या पाण्याला पुन्हा जळते. पण कोअर स्वच्छ असेल, नुसतं वायंडिंग, म्हणजे गुंडाळलेली तार, आणि बेअरिंग गेलं असेल, तर नवी घ्यायला लावणं म्हणजे त्या माणसाला फसवणं. लॅपटॉपचंही मी तेच विचारलं. याचा कोअर कुठला? पोरगा म्हणाला, मदरबोर्ड आणि प्रोसेसर. ते दोन्ही ठणठणीत आहेत. प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह आहे, आणि इथे आपलं नशीब. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून सुरक्षेचे नेहमीचे अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ चालायला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. सातव्या पिढीचा असता तर मी एवढा खर्च केलाच नसता, सरळ नवा घेतला असता. सुरक्षेची एक चिप असते, टीपीएम, ती याच्यात होती पण बंद करून ठेवलेली. त्याने सेटिंगमधून चालू केली आणि ११ नंबरचं विंडोज बसलं.

बाकी सगळं वायंडिंग-बेअरिंग. हार्ड डिस्क काढून ५०० जीबीची एसएसडी टाकली, तिच्यात फिरणारा भागच नाही. रॅम ४ जीबी होती, दुसरा खाचा रिकामा होता, त्यात ८ ची पट्टी बसवली. सध्या रॅमचे भाव फार चढलेत, तरी घेतली. नवी बॅटरी. पंखा साफ, प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता बाहेर नेणारा लेप. उजव्या बिजागरीचे स्क्रू ढिले होते ते आवळले. सगळं मिळून ११,८०० रुपये झाले. बिल बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आहे, बॅटरी आणि एसएसडीची वॉरंटी त्याच्यावरच आहे, टाकू नकोस. घरी आणून पुन्हा घड्याळ लावलं. १९ सेकंद. आईला बोलावून दोनदा दाखवलं.

या आधी मी एका मोठ्या दुकानातही जाऊन आलो होतो, नवाच घ्यावा म्हणून. मेडिकलला जाणार म्हटल्यावर त्या माणसाने गेम खेळायचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप समोर ठेवला. ८२,००० रुपये. म्हणाला, एमबीबीएसला हा लागतोच. कशाला लागतो म्हटलं तर त्याला सांगता येईना. तिथून उठलो आणि वरच्या आळीतली ती तुझी सीनियर, सध्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीवर आली होती, तिच्याकडे गेलो. तिने तासभर बसून सांगितलं.

पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. सकाळ डिसेक्शन हॉलमध्ये, तिथे फोनसुद्धा बाहेर ठेवायचा, कारण ज्यांनी देहदान केलं त्यांचा फोटो काढायचा नसतो. पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर शपथ घेतात म्हणाली, आणि हे सांगताना ती पोरगी गप्पच झाली थोडा वेळ. जर्नल हाताने लिहायचं. हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या ऊतींच्या, आकृत्या गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलीने काढायच्या, कारण स्लाइडवर पेशींचं केंद्रक जांभळं आणि बाकीचं गुलाबी दिसतं. व्हायव्हा तोंडी, विद्यापीठाचा पेपर हाताने. हाडांचा सेट सीनियरकडून ज्युनियरकडे येतो, तिच्याकडचा तिने तुझ्यासाठी विचारून ठेवलाय. लॅपटॉप कशाला लागतो विचारलं तर म्हणाली, सेमिनारचं प्रेझेंटेशन, शिक्षकांनी पाठवलेल्या पीडीएफ, रात्री एखादा व्हिडिओ, आणि अंकी नावाचं एक कार्डांचं ॲप आहे, पाठांतरासाठी, लॅपटॉपवर फुकट मिळतं. एवढं सगळं हा आरामात करतो, मी तिच्यासमोरच चालवून बघितलं. तिचा स्वतःचा लॅपटॉप खोलीतच असतो. कॉलेजात ती फोन नेते, काही जण टॅब नेतात. काही जण तर म्हणे पहिल्या वर्षानंतर लॅपटॉप सोडून टॅबवरच आले, पेनने आकृतीवर लिहिता येतं म्हणून.

हे ऐकल्यावर माझा निर्णय झाला. तुला काय लागणार आहे हे आज तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. टॅब लागेल का, हलका लॅपटॉप लागेल का, ते तिथे वर्षभर राहिल्यावर कळेल. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि पुढे एक वर्ष इंटर्नशिप. खरी गरज दुसऱ्या वर्षानंतर, आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची योजना असते, त्यात भाग घेतलास तर एक्सेलमध्ये आकडे भरायला, रिपोर्ट लिहायला, आणि नंतर पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या, तयारीला. आज नवा घेतला तर त्याची वर्षाची वॉरंटी तुझ्या सगळ्यांत कमी वापराच्या वर्षात संपेल, आणि पीजीचा अभ्यास सुरू होईल तेव्हा तोच म्हातारा झालेला असेल. म्हणून उरलेले ५८,००० मी पोस्टातच एक वर्षाच्या मुदत ठेवीत टाकलेत. पुढच्या वर्षी तू सांगशील ते घेऊ.

आईचं म्हणणं मात्र मी सोडून दिलेलं नाही. ती म्हणाली, "सगळ्या पोरी नवीन काढतील आणि माझी पोरगी कडेला घासलेला काढेल." हे तिला लागतंय, आणि तुलाही एखादे वेळी लागेल. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. फार मनाला लागलं तर तेही सांग, त्याचा विचार करू. नुसत्या कामाचाच हिशोब बरोबर असतो असं मी म्हणत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेव. मदरबोर्ड गेला तर दुरुस्तीला एक रुपया घालायचा नाही. कुणी म्हणेल चिप बदलतो, सहा हजारांत होईल. नको. कोअर गेला की मोटार भरायची नाही. त्याच दिवशी फोन कर, पोस्टाची ठेव पहिले सहा महिने मोडता येत नाही, पण पैशांचं मी बघतो, दोन दिवसांत नवा घेऊ. परीक्षा तोंडावर असेल तरी संकोच करू नकोस.

गादीवर ठेवून वापरू नकोस, खालची जाळी बंद होते आणि सोलापूरचा उन्हाळा कसा असतो ते तू बघशीलच. बॅटरी भरली की चार्जर काढ. जुनी हार्ड डिस्क मी फेकली नाही. तिच्यातलं सगळं पोराने एसएसडीवर उतरवलं आणि ती एका केसिंगमध्ये घालून दिली. ती घरी माझ्याकडे आहे. तिच्यात तुझी सातवीची सगळी फोल्डरं आहेत. पेंटमध्ये माऊसने काढलेलं हृदय सापडलं, कर्णिका आणि जवनिका अशी नावं लिहिलेलं, डावी-उजवी बरोबर लावलेली. मला तर आकृतीतली डावी बाजू उजवीकडे का असते तेच आधी कळलं नव्हतं, तेव्हा तूच समोर उभी राहून समजावलं होतंस. ती डिस्क आता फारशी फिरवायची नाही, म्हणून त्या फोल्डरांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतलीय.

पोचलीस की फोन कर. खोलीतले प्लग पॉइंट ढिले आहेत का बघ, असतील तर वॉर्डनला सांगून बदलून घे, स्वतः हात लावू नकोस.

तुझे,
पप्पा

ता. क. माऊस बॅगेत टाकलेला नाही, तो इथेच राहिला. टचपॅड आता नीट दबतो.